हवाईत जन्मणाऱ्या बाळाचं नाव: राज्याची यादी कशी वाचायची, स्थानिक नाव कुठून घ्यायचं?

पागोळी

होनोलुलूत जन्मणाऱ्या बाळासाठी नाव शोधणं चालू आहे. मुलगा की मुलगी, माहीत नाही. पहिलं नाव मराठी तोंडात बसणारं हवं, पण बाळ ज्या बेटांवर जन्मणार त्यांची काही खूण नावात असावी, असं दोन्ही घरांचं म्हणणं आहे.

नेटवर ‘हवाईतली लोकप्रिय नावं’ शोधलं की दोन तऱ्हेच्या याद्या समोर येतात. सरकारी यादीत वरती लियम, नोआ, ऑलिव्हिया, म्हणजे जी अमेरिकेत कुठेही दिसतील तीच. दुसरीकडे नावांच्या संकेतस्थळांवर लेइलानी, कैलानी, केआनू वगैरे, आणि प्रत्येकाचा अर्थ काहीतरी ‘स्वर्गीय’ किंवा ‘समुद्रासारखा’. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा? खरोखर तिथले लोक मुलांना काय नावं ठेवतात? आणि हवाईयन भाषा येत नसताना त्यातलं नाव निवडलं, तर कुठे फजिती होऊ शकते?

जन्मदाखल्यावर त्या भाषेतली चिन्हं लिहिता येतात का, हेही कोणाला माहीत असेल तर सांगा.

---

आकडेबाज

आधी सरकारी यादीबद्दल, कारण ती बहुतेक जण चुकीची वाचतात.

ही यादी सोशल सिक्युरिटीची, म्हणजे अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा खात्याची आहे. कार्डाच्या अर्जावरचं पहिलं नाव, जन्मवर्ष आणि जन्मराज्य यांवरून ती बनते. नवं वर्ष साधारण मे महिन्यात येतं. संकेतस्थळावर राज्यवार पहिली शंभर नावं दिसतात, पण तेवढ्यावर थांबू नका. तिथेच ‘राज्यवार माहिती’ म्हणून एक झिप फाइल आहे. तिच्यात प्रत्येक राज्याची वेगळी फाइल असते. हवाईची ‘एचआय’ नावाची. १९१० पासूनचे आकडे आहेत, म्हणजे हवाई राज्य व्हायच्या (१९५९) कितीतरी आधीपासूनचे. प्रत्येक ओळीत राज्य, लिंग, वर्ष, नाव आणि संख्या, मध्ये स्वल्पविराम. एक्सेलमध्ये सरळ उघडते.

आता खाचाखोचा.

एक, राज्यात त्या वर्षी पाचपेक्षा कमी मुलांना जे नाव ठेवलं गेलं, ते फाइलमध्ये येतच नाही. गोपनीयतेसाठी तसा नियम आहे. टेक्सस-कॅलिफोर्नियात याने फार बिघडत नाही. हवाईत वर्षाला जेमतेम पंधरा हजारांच्या आसपास बाळं जन्मतात, त्यामुळे तिथे ही चाळणी फार मोठ्या छिद्रांची ठरते. आणि हवाईयन नावांची गंमत अशी की ती बरेचदा त्या एका मुलासाठीच रचलेली असतात. एकाच मुलाचं नाव, संख्या १, यादीतून बाद.

दोन, फक्त पहिलं नाव मोजतात. मधलं नाव या हिशेबात कुठेच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याचं महत्त्व कोणीतरी सांगेलच.

तीन, स्पेलिंग बदललं की नाव वेगळं. शेवटी ‘एच’ असलेला बायबलमधला नोआ आणि ‘एच’ नसलेला हवाईयन नोआ या दोन वेगळ्या ओळी आहेत. (हवाईयन ‘नोआ’चा अर्थ ‘कपूतून मुक्त’. कपू म्हणजे धार्मिक मनाई. आपल्याकडे म्हणायचं तर सोवळं सुटलेलं.) लेइलानीची तर चार-पाच स्पेलिंगं सापडतील. तुलना करायची असेल तर ती हातानं एकत्र करावी लागतात. उलट, चिन्हं, जोडरेघा आणि मधल्या जागा सगळ्या काढून टाकलेल्या असतात, त्यामुळे दोन वेगळे हवाईयन शब्द एकाच ओळीत कोंबले जातात. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी.

चार, एका वर्षाच्या क्रमांकावर जाऊ नका. यादीच्या मधल्या भागात एका नावाची आठ मुलं आणि दुसऱ्याची अकरा, एवढाच फरक असतो. तीन मुलं जास्त जन्मली की नाव वीस-तीस पायऱ्या वर. त्यात संख्या सारखी असेल तर क्रम निव्वळ वर्णानुक्रमे. पाच वर्षांची बेरीज करून मग क्रम लावा. निम्मी ‘नवी लाट’ तिथेच ओसरते.

पाच, हवाईत लष्कराचे मोठे तळ आहेत. तिथल्या कुटुंबांची मुलं जन्मानं हवाईची, पण नावं मुख्य भूमीवरून आलेली. ही सगळी नावं राज्याच्या यादीतच मिसळतात.

हे सगळं करूनही वरच्या भागात काही हवाईयन नावं ठाम उभी राहतात: काइ (समुद्र), कोआ (शूर, योद्धा, एका झाडाचंही नाव), मुलींत लेइलानी आणि मालिया. यातलं काइ आता देशभर चालतं, पण देशाच्या आकड्यावरून ते सगळं हवाईहून आलं असं समजू नका. उत्तर युरोपात त्याच स्पेलिंगचं जुनं नाव आहे.

---

जुनी वही

आकडेबाजांनी ‘मधलं नाव’ म्हणून जिथे सोडलंय तिथूनच खरी गोष्ट सुरू होते.

हवाई राज्य म्हणून अमेरिकेत यायच्या शंभर वर्षं आधी तिथे स्वतःची राजसत्ता होती. १८६० मध्ये चौथ्या कामेहामेहा राजाच्या काळात नावांचा कायदा झाला. त्याआधी हवाईयन माणसाला एकच नाव असे, आडनाव नसे. कायद्यानं सांगितलं की मुलानं वडिलांचं नाव आडनाव म्हणून लावायचं आणि त्याला मुलगा-मुलगी पाहून योग्य असं ख्रिस्ती नाव द्यायचं. पहिलं नाव असं बाहेरचं ठेवायची सक्ती १९६७ पर्यंत पुस्तकात होती. एकशे सात वर्षं!

लोकांनी त्यातून वाट काढली ती अशी: पहिलं नाव कागदासाठी इंग्रजी, मधलं नाव खरं हवाईयन. आजही असंख्य घरांत तीच पद्धत आहे. पहिलं नाव एमा किंवा जेम्स, आणि मधे वीस-पंचवीस अक्षरांचं, आजीनं दिलेलं, घराण्याचा इतिहास सांगणारं नाव. शाळेत पहिलं, घरी मधलं. जपानी वंशाच्या घरांतही असंच दिसतं, पहिलं इंग्रजी आणि मधलं जपानी. म्हणून सरकारी यादी बघून ‘हवाईत हवाईयन नावं कमी ठेवतात’ असं म्हणणं म्हणजे घराच्या दारावरची पाटी वाचून आतली माणसं मोजण्यासारखं आहे.

अलीकडे पहिल्या जागेवरही हवाईयन नाव येऊ लागलंय, त्यामागे कारणं आहेत. १९७८ च्या राज्यघटना-दुरुस्तीत हवाईयन ही इंग्रजीबरोबर राज्यभाषा झाली, १९८४ मध्ये ‘पूनाना लेओ’ या हवाईयन माध्यमाच्या बालवाड्या सुरू झाल्या, १९८७ पासून सरकारी शाळांतही ते माध्यम आलं.

आता नाव यायचं कुठून, याचे पारंपरिक प्रकार आहेत. ‘इनोआ’ म्हणजे नाव. स्वप्नात मिळालेलं ते इनोआ पो; असं नाव मिळूनही ठेवलं नाही तर मूल आजारी पडतं अशी समजूत. आकाशात वा आसपास एखादी खूण दिसली तर तिच्यावरून इनोआ हो’आइलोना. पूर्वजाचं चालवलेलं इनोआ कुपुना. घडलेल्या गोष्टीची आठवण म्हणून ठेवलेलं इनोआ हो’ओमना’ओ.

या शेवटच्या प्रकाराचं उत्तम उदाहरण म्हणजे राणी लिली’उओकलानी (१८३८–१९१७), हवाईची शेवटची राज्यकर्ती. तिच्या जन्माच्या वेळी राज्याची मोठी अधिकारी कीना’ऊ हिचे डोळे आले होते. म्हणून बाळाची नावं पडली लिली’उ लोलोकु वलानिया कमका’एहा: चुरचुरणं, अश्रू, आग होणं, दुखरा डोळा. आपल्याला विचित्र वाटेल, पण तिथे नाव ‘गोड अर्थाचं’ असावं असा आग्रह मुळात नव्हताच. नाव म्हणजे नोंद.

आणि एक प्रकार आपल्या फार ओळखीचा. मूल जगत नसेल, किंवा कोणाची वाईट नजर आहे असं वाटलं, तर मुद्दाम ओंगळ अर्थाचं नाव ठेवायचे. इनोआ कूआमुआमु. दगडू, धोंडू, भिकू आठवले ना?

---

ह्रस्वदीर्घ

फजिती कुठे होते, ते सांगतो. तीन जागा आहेत.

पहिली जागा: वर्ण. हवाईयन लिपीत पाच स्वर आणि आठ व्यंजनं, बस. व्यंजनं म्हणजे ह, क, ल, म, न, प, व आणि आठवं ओकिना. प्रत्येक अक्षर स्वरात संपतं, जोडाक्षर नाही. त्यामुळे ज्या ‘हवाईयन’ नावात ब, ड, ग, र, स आहे, किंवा जे व्यंजनात संपतं, ते हवाईयन नाही. एवढ्या एका चाळणीनं नावांच्या संकेतस्थळांवरचा बराच कचरा निघून जातो. बाहेरची नावं याच साच्यातून गेली की ओळखू येत नाहीत: डेव्हिडचा कविका, जॉनचा केओनी, जेम्सचा किमो, रॉबर्टचा लोपाका, जॉर्जचा केओकी, मेरीची मालिया. म्हणजे वर आलेलं मालिया हे मुळात मेरीच. काही जण त्याचा ‘शांत’ असा अर्थ देतात. तो ‘मा’ दीर्घ असलेल्या वेगळ्या शब्दाचा आहे.

दुसरी जागा: ह्रस्व-दीर्घ आणि ओकिना. स्वरावरची आडवी रेघ म्हणजे काहाको, ती स्वर लांबवते. ओकिना म्हणजे घशात क्षणभर अडवलेला श्वास. मूल खायला नको म्हणताना ‘अं-अं’ करतं, त्या दोन ‘अं’च्या मधे जे तुटतं, तेच ओकिना. ही शोभेची चिन्हं नव्हेत, ती अक्षरं आहेत. नेहमीचं उदाहरण देतो, देवनागरीत ते रोमनपेक्षा स्वच्छ दिसतं:

पउ – संपलं
प’उ – काजळी
प’ऊ – ओलसर
पा’ऊ – घागरा

नावांत याचा फटका असा बसतो. पहिला ओ आणि शेवटचा ऊ दोन्ही दीर्घ असलेलं ‘होकू’ म्हणजे तारा. दोन्ही ह्रस्व ठेवले तर ‘होकु’ म्हणजे पौर्णिमेची रात्र. दोन्ही सुंदर, पण वेगळे. ‘कला’ म्हणजे सोडवणं, क्षमा करणं. दोन्ही स्वर दीर्घ केले की ‘काला’ म्हणजे पैसे, डॉलर. आणि ‘क ला’ असं तोडलं की सूर्य. चिन्हं नसलेल्या रोमनमध्ये तिन्ही एकसारखी. मुलाचं नाव सूर्य ठेवायला गेलात आणि डॉलर पडलं.

तिसरी जागा: शब्दांचा क्रम. आपल्याकडे विशेषण आधी, तिथे नंतर. ओआहू बेटावर लानीकाइ म्हणून प्रसिद्ध किनारा आहे. त्याचं जुनं नाव का’ओहाओ. १९२० च्या दशकात जमीन विकणाऱ्यांनी ‘स्वर्गीय समुद्र’ म्हणून नवं नाव रचलं, पण इंग्रजीच्या क्रमानं. झालं उलटंच: ‘समुद्रातला स्वर्ग’ किंवा ‘दर्याई आकाश’. त्यांना हवं होतं ते काइलानी. शंभर वर्षं झाली, पाटीवर चूक तशीच आहे.

सोबत ‘क’ आणि ‘के’चं बघा. हे नामाआधी येणारे ‘तो/ती/ते’सारखे शब्द. क, ए, अ, ओ या वर्णांनी सुरू होणाऱ्या नामाआधी ‘के’, बाकी बहुतेकांआधी ‘क’. म्हणून के+ओला = केओला (जीवन), के+आनु = केआनू (गारवा), पण क+लेओ = कलेओ (आवाज), क+लानी = कलानी. अपवाद आहेत: ओकिनानं सुरू होणाऱ्या शब्दांना बहुधा ‘क’ लागतो, जसं क ’आइना (जमीन). मनानं जोडू नका, शब्दकोशात प्रत्येक शब्द बघा. पुकुई आणि एल्बर्ट यांचा शब्दकोश (१९८६ ची वाढवलेली आवृत्ती) प्रमाण मानतात आणि तो ऑनलाइन फुकट शोधता येतो.

---

पागोळी

फारच उपयोगी! मनात असलेली नावं टाकते, निवडून द्या: मकाना, केलानी, लानीमहिना (‘स्वर्गीय चंद्र’ असा विचार), नालू, मेले (‘गाणं’ असा अर्थ वाचला).

---

ह्रस्वदीर्घ

मकाना – भेट, देणगी. निर्धास्त ठेवा. मुलगा-मुलगी दोघांनाही चालतं. हवाईयन व्याकरणात लिंगच नाही, त्यामुळे बरीच नावं दोन्हीकडे चालतात.

केलानी – वरचा नियम लावा. ‘लानी’ला ‘क’ लागतो, म्हणून कलानी.

लानीमहिना – लानीकाइचीच चूक! वर्णन मागे जायला हवं. तरी अशी जोडणी स्वतः करू नका. व्याकरण बरोबर असलं तरी शब्दांना तिथे आड अर्थ असतात, त्याला ‘कओना’ म्हणतात, आणि तो शब्दकोशात नेहमी सापडत नाही. नुसतं महिना घेतलं तर? अर्थ चंद्र, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ महिना. हो, आपलाच ‘महिना’. दोन्ही भाषांचा काडीचा संबंध नाही, निव्वळ योगायोग. मात्र पुण्यातली आजी ‘कितवा महिना’ असं म्हणून हसेल, ही तयारी ठेवा.

नालू – लाट. आपल्याकडे नलिनीची नलू होतेच. अशीच दोन: मनू (पक्षी) आणि मलू (सावली, आसरा, शांतता). तिन्ही हवाईयनमध्ये खरे शब्द, तिन्ही मराठी घरात हाक मारायला तयार. माझं मत विचाराल तर ‘मनू’ला तोड नाही.

मेले – अर्थ गाणंच, बरोबर. मेरीचं एक रूप म्हणूनही ते चालतं. पण मराठीत हाक मारून बघा एकदा मोठ्यानं. तेवढं पुरेल.

‘काइ’चंही तेच, उच्चार थेट आपला ‘काय’. दर हाकेला उलट प्रश्न विचारल्यासारखं होतं.

जाता जाता लेइलानीबद्दल. ‘स्वर्गीय फुलमाळ’ एवढंच सगळीकडे छापतात. लेइ म्हणजे माळ खरीच, पण लेइ म्हणजे लाडकं मूलसुद्धा. मूल खांद्यावर बसवलं की त्याचे दोन्ही पाय आपल्या छातीवर लोंबतात, माळ घातल्यासारखे. तिथून तो अर्थ आलाय. आणि ‘लानी’ म्हणजे आकाश तसंच राजघराण्यातली व्यक्ती. बेबी-नावांच्या पुस्तकातल्या ‘स्वर्गीय’पेक्षा हे कितीतरी भरीव आहे.

---

रानजाई

स्थानिक प्रेरणा म्हणून लोक समुद्र-आकाशाच्याच मागे लागतात. तिथली माणसं मात्र वनस्पती, पाऊस, वारा आणि चंद्राच्या रात्री यांतून जास्त नावं काढतात.

१९२३ मध्ये तिथल्या विधिमंडळानं प्रत्येक बेटाला त्याचं फूल ठरवून दिलं. बाळ ज्या बेटावर जन्मेल त्याचं फूल, हा सोपा धागा आहे. पण सगळी फुलं नावाला योग्य नाहीत.

हवाई बेट: लेहुआ. ओही’आ झाडाचं फूल, तांबड्या पुंकेसरांचा झुबका. ताज्या लाव्हावर पहिल्यांदा उगवणाऱ्या झाडांपैकी हे. खुडलं तर पाऊस येतो म्हणतात. नाव म्हणून जुनं, रुळलेलं. या यादीत माझी पहिली पसंती.

माउई: लोकेलानी. गुलाब, आणि तो बाहेरून आलेला. ‘लोके’ म्हणजे इंग्रजी ‘रोझ’च, र चा ल आणि स चा क होऊन.

ओआहू: इलिमा (सुरुवातीला ओकिना आहे). तुमचं होनोलुलू इथलंच. पिवळं, कागदासारखं पातळ फूल. आपल्या चिकण्याच्या, म्हणजे बलेच्याच कुळातलं. एका माळेला शेकडो फुलं लागतात. मराठी कानाला ‘इलिमा’ छान बसतं.

काउआ’ई: मोकिहाना. हे फूल नाही, बडीशेपेच्या वासाची हिरवी फळं आहेत. ताज्या फळांचा रस अंगाला लागून वर ऊन बसलं तर फोड येतात. नाव म्हणून मात्र ठेवतात.

मोलोका’ई: कुकुई. याच्या तेलकट बिया ओवून पूर्वी दिवा लावत, म्हणून शब्दाचा अर्थ दिवा, उजेड असाही.

लाना’ई: कउना’ओआ. वाळूवर पसरणारी नारिंगी वेल. आपली अमरवेल, तिच्याच जातीची. बाळाला ठेवाल का, तुम्हीच ठरवा.

नी’इहाऊचं तर शिंपले आहेत, आणि काहो’ओलावेचं हिनाहिना. ‘हीन’चा भास होतो, सोडून द्या.

पाऊस. हवाईयनमध्ये जागोजागच्या पावसाला वेगळी नावं आहेत, शेकड्यांनी. हिलो गावचा कनिलेहुआ, वाइमेआचा बोचरा कीपु’उपु’उ, मानोआ दरीचा तुआहिने. कनिलेहुआ हे माणसाचं नावही असतं. पण पाऊस त्या गावाचा असतो. होनोलुलूत जन्मलेल्या मुलीला हिलोचा पाऊस दिला की कोणीतरी विचारणारच, ‘हिलोची का तू?’

चंद्राच्या रात्री म्हणजे तर आपल्या तिथीच. महिन्यातल्या तीस रात्रींना तीस नावं. पहिली हिलो, पंधरावी होकु, सोळावी माहेअलानी, शेवटची मुकु. माहेअलानी मुलींमध्ये खूप दिसतं. पंचांग हाताशी आहेच, जन्मतिथीवरून रात्र काढता येईल. फक्त प्रत्येक रात्र नावाला चालत नाही, हेही विचारून घ्या.

दोन गोष्टी टाळा. देवतांची नावं जशीच्या तशी: पेले, काने, लोनो. आपल्याकडे रस्त्यावर हाक मारली तर चार गणेश वळतात, म्हणून आपल्याला यात काही वाटत नाही. तिथे अशा नावाबरोबर जबाबदारी येते आणि ते घराण्यातून यावं लागतं. आणि राजघराण्यातली पूर्ण नावं, का’इउलानी, कपी’ओलानी वगैरे. ती कोणाच्या तरी वंशावळीत बसलेली आहेत.

सगळ्यात चांगला रस्ता जुनाच आहे: ओळखीत एखादी हवाईयन भाषा बोलणारी वडीलधारी व्यक्ती किंवा हुला (तिथलं पारंपरिक नृत्य) शिकवणारे गुरू असतील तर त्यांच्याकडून नाव मागून घ्यायचं. घाईनं मागू नका. आणि दिलेलं नाव ‘जरा छोटं करून द्या’ असं म्हणून परत करू नका.

---

तामराठी

वर ह्रस्वदीर्घ म्हणतात की हवाईयनमध्ये आठच व्यंजनं, आणि रानजाईंनी ‘तुआहिने’ लिहिलंय. त कुठून आला?

---

ह्रस्वदीर्घ

चांगलं पकडलंत. जुन्या बोलण्यात त आणि क एकमेकांच्या जागी येत. लिपी ठरवताना ‘क’ घेतला, पण नी’इहाऊ बेटावर त अजून बोलतात, आणि काही शब्दांत तो टिकलाय. आजीला ‘तूतू’ म्हणतात, ते सगळ्या बेटांवर. तो पाऊस कुआहिने असाही लिहिलेला सापडेल. म्हणजे ‘त’ दिसला तर लगेच बाद करू नका. र, स, ब, ड, ग दिसले तर करा.

---

फॉर्मभरे

कागदांचं सांगतो.

हवाईच्या जन्मदाखल्यावर ओकिना आणि काहाको लिहिता येतात. पण रुग्णालयातल्या अर्जावर तुम्ही जसं लिहाल तसंच टाइप होईल, म्हणून छापील अक्षरात लिहा आणि रेघ कोणत्या स्वरावर आहे ते शेजारी शब्दांत नोंदवा. मसुदा सहीला येतो तेव्हा एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. नंतर बदलायचं ठरलं तर हवाईत नाव-बदलाचा अर्ज लेफ्टनंट गव्हर्नरच्या कार्यालयात करावा लागतो. दुरुस्तीपेक्षा आत्ताची दहा मिनिटं स्वस्त.

त्याच अर्जावर सोशल सिक्युरिटी क्रमांक हवा का, असा चौकोन असतो. तिथे होय म्हटलं की क्रमांक टपालानं घरी येतो, वेगळं जावं लागत नाही. त्यासाठी नाव भरलेलं हवं. म्हणजे बाराव्या दिवशी बारशाला नाव ठरवू म्हणाल तर घोळ. नाव आधी ठरवून कागदावर लिहा, बारशाला ते कानात सांगा, पाळणा म्हणा, कोण अडवतंय!

सोशल सिक्युरिटीच्या कार्डावर चिन्हं येत नाहीत. पासपोर्टच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या दोन ओळी असतात, तिथेही फक्त साधी सव्वीस रोमन अक्षरं. नावाला एकूण ३९ जागा. म्हणून जन्मदाखल्यावर चिन्हांसह आणि बाकी सगळीकडे चिन्हांविना, पण स्पेलिंग तेच, ही शिस्त पाळा. ओकिनाच्या जागी कुठे जोडरेघ, कुठे मोकळी जागा असं करू नका. दोन कागद जुळले नाहीत की ओसीआयच्या (परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डाच्या) वेळी उत्तरं द्यावी लागतात.

आता मराठी माणसाची खास अडचण. आपल्याला मधे वडिलांचं नाव हवं, तिथली रीत सांगते मधे हवाईयन. दोन्ही ठेवता येतात, पण लांबी मोजा. सोशल सिक्युरिटी कार्डावर पहिलं आणि मधलं मिळून २६ जागा, आडनावाला वेगळ्या २६. मधली मोकळी जागाही मोजली जाते. रोमनमध्ये मोजून बघा: अनिका ५, कनिलेहुआ ९, प्रसाद ६, दोन मोकळ्या जागा; एकूण २२. बसलं. शर्वरी ८, कनिलेहुआ ९, चंद्रकांत ११, जागा २, एकूण ३०. नाही बसलं, आणि कात्री मधल्या नावावर चालते. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच कार्डावरून गायब.

लांब नावांवरून तिथे सरकारलाही नमतं घ्यावं लागलंय. ३५ अक्षरं आणि एक ओकिना असलेलं आडनाव लायसन्सवर मावत नव्हतं. त्या बाईंनी नाव तोडायला नकार दिला, आणि २०१३ च्या शेवटी राज्यानं ओळखपत्रावरची जागाच वाढवली: पहिल्या नावाला ४०, मधल्याला ३५, आडनावाला ४०.

---

पागोळी

मुलगी झाली तर इलिमा आणि मुलगा झाला तर मनू, आत्ता इथवर आलोय. मधे वडिलांचं नाव. मोजून पाहिलं, दोन्ही बसतात. एक शेवटचं: इलिमाच्या आधीचं ओकिना अर्जात टाइप करायचं झालं तर कसं? की साधं अवतरणचिन्ह चालेल?

---

फॉर्मभरे

साधं अवतरणचिन्ह नको. ते विरामचिन्ह आहे, अक्षर नाही, आणि बऱ्याच संगणकप्रणाली ते गाळतात किंवा पुढचं अक्षर लहान करून टाकतात. ओकिनाला युनिकोडमध्ये स्वतःची जागा आहे, क्रमांक ०२बीबी. दिसायला उलटा, गोळा खाली असलेला स्वल्पविराम, इंग्रजी आकड्यातल्या छोट्या सहासारखा (6). नऊसारखा (9) दिसला तर चुकीचं चिन्ह आलंय. आयफोनवर आणि विंडोजमध्ये हवाईयन कळफलक भाषांच्या यादीत आधीपासून आहे, तो चालू केला की ओकिना आणि रेघवाले स्वर दोन्ही मिळतात.

आणि नाव ओकिनानं सुरू होतं तेव्हा मोठं अक्षर त्याच्या पुढचं करायचं, म्हणजे मोठं ‘आय’. हे अर्जावर शेजारी लिहूनच द्या. नाहीतर टाइप करणारा पहिलं चिन्ह पुसून टाकेल.